साहेबाची मराठी

परीक्षेच्या दिवसांत घरोघरची मुले मराठीच्या पेपराला भिऊन असतात. गणिताला भ्यावे हे समजते; पण आपल्याच भाषेला काय भ्यायचे, असे आपण त्यांना रागावून विचारतो. त्या मुलांच्या समाधानासाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एकेकाळी या महाराष्ट्रात सहा फूट उंचीचे, बुटांना आरशासारखे पॉलिश केलेले, ज्यांना बघून अख्खे गाव उठून उभे राहावे असे पोलीस साहेबही मराठीच्या पेपराला भीत असत. नापास झाल्यावर त्यांना छडी मिळत नसे, पण तिच्याहून वाईट शिक्षा होती. बढती अडे.

पद्धत अशी होती. १८९३ सालापासून हिंदुस्थानच्या पोलीस खात्यातले वरिष्ठ अधिकारी लंडनला चढाओढीची परीक्षा घेऊन निवडले जाऊ लागले. निवड झालेला पोरगा विशीच्या आतबाहेरचा. बोटीतून उतरला की त्याला असिस्टंट सुपरिंटेंडेंट म्हणत, पण तो उमेदवारीवर. कवायत, कायदा आणि प्रांताची भाषा एवढे पदरात पडल्याशिवाय त्याला कायम करीत नसत. भाषेच्या परीक्षेच्या दोन पायऱ्या होत्या, ‘लोअर स्टँडर्ड’ आणि ‘हायर स्टँडर्ड’. त्यांच्याही वर हौशी लोकांसाठी आणखी कठीण परीक्षा असत, आणि त्या उतरणाऱ्याला सरकार रोख बक्षीस देई. मुंबई इलाखा म्हणजे तर भाषांचे कडबोळेच. देशावर आणि कोकणात मराठी, वर गुजराती, धारवाड-विजापुराकडे कानडी, आणि १९३६ साली सिंध वेगळा होईपर्यंत तिकडची सिंधीसुद्धा. सुरतेला गुजराती घोकून जरा कुठे जीभ वळली, की बदलीचा हुकूम यायचा साताऱ्याचा!

सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १९०२-०३ साली पोलीस कमिशन बसले होते. त्या सुमारास प्रांतोप्रांती पोलिसांच्या शाळा निघाल्या. आपल्याकडची शाळा १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झाली आणि १९०९ साली नाशिकला गेली. नाशिक आणि माझे आजोळ यांचा संबंध येतो तो इथे. माझ्या आईचे वडील नाशिकला शाळामास्तर होते आणि संध्याकाळी साहेबांना मराठीची शिकवणी देत. अशा शिक्षकाला साहेब लोक ‘मुन्शी’ म्हणत. मग तो मुन्शी शेंडी राखणारा ब्राह्मण का असेना. आजोबांना तो शब्द मुळीच आवडत नसे. पण शिकवणीचे पैसे शाळेच्या पगाराहून जास्त होते, त्यामुळे आजीला तो शब्द चांगलाच आवडे.

आजोबांच्या सांगण्याप्रमाणे पहिला महिना ‘ळ’मध्ये जाई. ‘काळा’ आणि ‘काला’, ‘केळे’ आणि ‘केले’, ‘गोळी’ आणि ‘गोली’. साहेबाला दोन्ही सारखेच ऐकू येत. ज्याला फरक ऐकूच येत नाही त्याला तो उच्चारता कसा येणार? आजोबांनी एक वाक्य तयार केले होते, ‘काळ्या बाळूने पिवळी केळी सोलली.’ साहेब ते घोकीत बंगल्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारी आणि कंपाउंडाबाहेर पोरे जमत. ‘ळ’ झाला की ‘ठ’ आणि ‘ढ’. मग मोडी. त्या काळी कुळकर्ण्याचे दप्तर, सावकाराचे कागद, गावकामगार पाटलाचे रिपोर्ट सगळे मोडीत. तेव्हा बालबोध वाचता आले म्हणून पोलीस अधिकाऱ्याचे भागत नसे. मोडीचा कागद पुढे ठेवला की भलाभला साहेब तो आधी उलटा धरून बघे, असे आजोबा सांगत. यात थोडी अतिशयोक्ती असेल. नातवंडांना सांगायच्या गोष्टीत ती असावीच.

व्याकरणाने साहेबांना फारसे छळले नाही. तो रस्ता त्यांच्याच माणसांनी आधी बांधून ठेवला होता. कलकत्त्याला १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज निघाले, तिथे विल्यम कॅरे मराठी शिकवू लागले आणि १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण छापले. पुढे मोल्सवर्थ यांनी १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती सुमारे ६०,००० शब्दांची आहे. आजही एखादा जुना शब्द अडला की आपल्यापैकी जाणती माणसे मोल्सवर्थच उघडतात. परक्याने आपल्या भाषेसाठी केलेले एवढे काम पाहिले की मान लवते, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे.

घोडे पेंड खायचे ते दुसरीकडेच. आपली भाषा जिथे सरळ बोलत नाही तिथे. दुकानदार म्हणतो, ‘दुकान वाढवले.’ साहेबाच्या मते धंदा तेजीत आहे. सवाष्णीच्या बांगड्या फुटल्या तर आपण त्या ‘वाढवल्या’ म्हणतो. साहेब विचारणार, किती वाढल्या? जाणारा माणूस ‘येतो’ म्हणून जातो. आता पोलिसाच्या कामात हे किती अवघड, याची कल्पना करा. साक्षीदार सांगतो, ‘मी येतो म्हटले आणि निघालो.’ साहेबाने लिहिले, साक्षीदार तिथे परत येणार होता. वकिलाला एवढे पुरे!

आजोबा एकदा एका साहेबाकडून उतारा करून घेत होते. उतारा त्यांनी स्वतःच बेतलेला. खेड्यातली बाई चौकीवर येऊन रडते आणि म्हणते, ‘दादा, माझं कुंकू पुसलं.’ साहेबाने इंग्रजी केले ते बिनचूक. बाईचे कपाळावरचे कुंकू अज्ञात इसमाने पुसले, मालाची किंमत फिर्यादीत नमूद नाही. हा साहेब लोअर स्टँडर्ड आधीच पास झालेला होता. आजोबा ही गोष्ट पोट धरधरून हसत सांगत. आजी मात्र त्या गोष्टीला कधी हसलेली मला आठवत नाही. ती एवढेच म्हणे, ‘आणि ती बाई खरंच आली असती म्हणजे?’

आजीचा प्रश्न खरा आहे. वरवर पाहता ही पगारवाढीची परीक्षा; पण तिच्या पलीकडे कोणीतरी चौकीच्या पायरीवर बसलेला असायचा, त्याचा जीव त्या भाषांतरावर अवलंबून असायचा.

साहेबाला जी मराठी शिकवीत ती तरी कोणाची? पोलिसांची मराठी म्हणजे एक वेगळीच बोली. सदरहू इसम, मजकूर फिर्यादी, मुद्देमाल, पंचनामा, जबानी, फरारी. निम्मे शब्द फारसीचे, बाकीचे कचेरीचे. साहेब ती शिकून पास होई आणि घोड्यावर बसून खेड्यात जाई. तिथे ‘सदरहू इसम’ कोणीच नसे. सगळे ‘त्यो’ आणि ‘ती’. खानदेशात गेला तर अहिराणी, सातपुड्यात भिल्लांची भाषा. अशा वेळी साहेबाच्या शेजारी जमादार उभा राही. गाव बोले, ते जमादार साहेबाला समजेल अशा मराठीत सांगे. मराठीचे मराठीत भाषांतर! त्या भाषांतरात काय गळले, काय भरले आणि त्यासाठी कोणाचे हात ओले झाले, हे साहेबाच्या डायरीत येण्याची सोय नव्हती. परीक्षा साहेबाने पास करायची आणि सत्ता जमादाराच्या हाती जायची, असा तो मामला होता.

आणखी एक गोष्ट. साहेब बरीचशी देशी भाषा नोकरांशी बोलताना उचलीत, आणि नोकरांशी बोलायचे म्हणजे हुकूमच करायचा. मडमांची तर एक दंतकथाच आहे. त्यांना ‘दरवाजा बंद कर’ हे पाठ होईना, म्हणून त्या इंग्रजीत ‘देअर वॉज अ बँकर’ म्हणत, आणि बटलर दार लावून घेई! खरे असो-नसो, भाषेचा सारा मगदूर त्यात आला. आण, ने, ये, जा, एवढीच क्रियापदे. ‘तू, तुम्ही, आपण’ यांतला फरक पुस्तकात पाठ केलेला असला तरी तोंडात ‘तू’च बसलेला. साठीच्या पाटलाला पंचविशीच्या साहेबाने चारचौघांत ‘तू’ म्हटले की पुढचा तपास संपलाच म्हणायचा. पाटील ‘जी साहेब’ म्हणे आणि त्यानंतर त्याला काही आठवत नसे.

आता कोणी म्हणेल, मराठी उत्तम येणारे गोरे अधिकारी नव्हतेच की काय? होते. मुंबईच्या पोलिसांत चार्ल्स फोर्जेट नावाचा अधिकारी होऊन गेला. तो जन्माने आणि वाढीने इथलाच, त्यामुळे देशी भाषा त्याच्या तोंडी घरच्यासारख्या. वेष पालटून तो बाजारात हिंडे आणि कोणाला पत्ता लागत नसे. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टनशी पैज मारून तो झाडूवाल्याच्या वेषात पहाऱ्यातून थेट त्यांच्या शयनगृहापर्यंत गेला, अशी गोष्ट सांगतात. १८५७ साली मुंबईच्या शिपायांत उठावाची खलबते चालली होती, सोनापूरला गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी. फोर्जेटने भिंतीआडून ती स्वतः ऐकली आणि लष्करी अधिकाऱ्यालाही नेऊन ऐकवली. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोघांना एस्प्लनेडच्या मैदानावर तोफेच्या तोंडी दिले. फोर्जेटच्या नावाचा रस्ता ताडदेवला आहे. त्यावरून जाताना मला त्या भाषाप्रभुत्वाचे कौतुक करावे की काय, हे अजून ठरवता आलेले नाही. ज्याला भाषा येत नाही तो न ऐकून अन्याय करतो. ज्याला येते तो भिंतीला कान लावतो.

कान लावण्याचे हे शास्त्रही पुढे फार वाढले. कर्नल स्लीमन यांनी ठगांच्या गुप्त बोलीचा कोश १८३६ साली छापला, त्याचे नाव ‘रामासीआना’. ठगांचा बंदोबस्त करायला त्यांचे सांकेतिक शब्द कळायलाच हवेत, हे ठीक. पण १९०८ साली मुंबई इलाख्याचे पोलीसप्रमुख मायकेल केनेडी यांनी इलाख्यातल्या ‘गुन्हेगार जमातीं’वर एक जाडजूड पुस्तक काढले, त्यात एकेका जमातीच्या बोलीवर आणि बोलण्याच्या लकबींवर मजकूर आहे. म्हणजे माणूस तोंड उघडून बोलला, की त्या बोलीवरून त्याची जमात, आणि जमातीवरून तो गुन्हेगार! आईने पाळण्यात शिकवलेले शब्द मुलाच्या अंगावर पुरावा म्हणून आले. तो गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांनी परक्यासमोर आपली बोली बोलायचे टाळले, तर त्यांना दोष कोण देईल?

इंग्रजांच्या कायद्याला ही अडचण ठाऊक नव्हती असे मात्र नाही. १८७२च्या पुराव्याच्या कायद्याने पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात बाद ठरवला होता, आणि १८९८च्या फौजदारी कायद्यात आरोपीची जबानी शक्यतो त्याच्याच भाषेत लिहून घ्यावी असे कलम होते. ‘शक्यतो’ हा शब्द मोठा सोयीचा. तरीही कलम होते, हे त्यांच्या पदरात घालू.

पण वर कोर्टात काय होई ते पाहा. २४ जून १९०८ रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांना अटक झाली. खटला ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या ‘केसरी’तल्या लेखांवर. लेख मराठीत, खटला इंग्रजीत. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, म्हणजे मराठी मातृभाषा असलेला एकही नाही. सरकारी भाषांतर हाच पुरावा. टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, एकेका शब्दावर हरकत घेतली. मूळ शब्दाची छटा कोणती आणि इंग्रजीत ती किती भडक झाली आहे, हे दाखवीत राहिले. आपला बचाव ते एकवीस तासांवर बोलले. सातास दोन अशा मताने दोषी ठरले आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लोअर आणि हायर स्टँडर्ड पास झालेले किती अधिकारी तेव्हा या इलाख्यात होते! पण मराठी शब्दाचा न्याय ज्यांनी करायचा त्या नऊ जणांना ती परीक्षा नव्हती.

याच काळातली दुसरी गंमत रंगभूमीवरची. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. द्रौपदी म्हणजे कोण, कीचक म्हणजे कोणता लाटसाहेब, धर्मराज म्हणजे कोणता पक्ष आणि भीम म्हणजे कोणता, हे पिटातल्या हमालालाही पहिल्या अंकात कळे. सरकारने नाटकावर बंदी घातली ती १९१० साली! तीन वर्षे महाभारताची कथा म्हणून ते बिनबोभाट चालले. उतारा वाचता येणे आणि त्यातली मेख कळणे, या दोन गोष्टी निराळ्या, आणि दुसरीची परीक्षा कोणत्याच स्टँडर्डात नव्हती.

टिळकांना ठेवले ते मंडालेच्या तुरुंगात. तिथे त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले आणि पाली, जर्मन, फ्रेंच या भाषांचा अभ्यास केला. बढतीची आशा नसताना. त्याच मंडाले शहरात, टिळक सुटल्यावर आठ वर्षांनी, १९२२ साली एक एकोणीस वर्षांचा पोरगा पोलीस शाळेत दाखल झाला. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानातच मोडत असे. पोराचे नाव एरिक ब्लेअर, जन्म बिहारातल्या मोतीहारीचा. त्याला ब्रह्मी, हिंदुस्थानी आणि कायदा असे विषय होते. बरोबरचे उमेदवार ब्रह्मी शिकताना मेटाकुटीला येत. याला भाषा सहज आली. बौद्ध मठांत जाऊन भिक्षूंशी तो भारदस्त ब्रह्मीत बोलू शके, असे त्याच्या एका सोबत्याने पुढे सांगितले. परीक्षा पास, बढतीची वाट मोकळी. आणि १९२७ साली रजेवर घरी गेलेला हा गृहस्थ परत आलाच नाही. राजीनामा देऊन मोकळा झाला. पुढे जॉर्ज ऑर्वेल या नावाने त्याने ‘बर्मीज डेज’ ही कादंबरी लिहिली, १९३६ साली हत्ती मारल्याचा तो प्रसिद्ध निबंध लिहिला. नोकरी सोडण्याची कारणे त्याने स्वतःच सांगितली आहेत, त्यांत भाषा हे कारण नाही. तरी मला आपले वाटते की ज्याला रस्त्यावरची माणसे पाठीमागून काय बोलतात ते नीट कळते, त्याला ती खाकी फार दिवस अंगावर ठेवता येत नसावी. ज्यांना कळत नव्हते ते पेन्शनीपर्यंत सुखाने टिकले.

आपल्या लोकांची शिडी उलटी होती. साहेबाला मराठी आल्यावाचून कायम करीत नसत, आणि मराठी माणसाला इंग्रजी आल्यावाचून वर घेत नसत. फरक इतकाच की साहेब सुपरिंटेंडेंट होण्यासाठी शिके आणि आपला माणूस बराच काळ साहेबाच्या हाताखाली राहण्यासाठी शिके. डेप्युटी सुपरिंटेंडेंटची जागा हिंदी लोकांसाठी निघाली तीसुद्धा फ्रेझर कमिशननंतर. पुढे दार थोडे किलकिले झाले. ना. म. कामटे वरच्या श्रेणीत शिरले आणि १९४७ साली मुंबई प्रांताचे पहिले हिंदी इन्स्पेक्टर जनरल झाले. त्यांना ‘ळ’ शिकवायला मुन्शी लागला नसणार!

आजोबांचे साहेब केव्हाच गेले, पण त्यांची परीक्षा गेलेली नाही. परप्रांतातून महाराष्ट्राच्या वाट्याला येणाऱ्या अधिकाऱ्यांना मराठी शिकावीच लागते. आपल्या भाषा संचालनालयातर्फे अमराठी सरकारी नोकरांसाठी मराठीची परीक्षा होते. तिच्या दोन पायऱ्या आहेत, निम्नस्तर आणि उच्चस्तर. लोअर आणि हायर! नाव बदलून तेच.

आमच्या इमारतीत काही दिवस एक तरुण अधिकारी राहत होते, मूळचे मद्रासकडचे. ‘ळ’ त्यांना आमच्यापेक्षा चांगला येई. त्यांच्या भाषेत तो आहेच. एकदा चहा पिताना मी त्यांना आजोबांच्या त्या साक्षीदाराची गोष्ट सांगितली, ‘येतो’ म्हणून निघून गेलेल्याची. साहेबांना ते कधी कळले नाही, असे म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘यात न कळण्यासारखे काय आहे, काका? आमच्या तमिळमध्येसुद्धा निघताना नुसते जातो म्हणत नाहीत. जाऊन येतो, असेच म्हणतात.’ कप खाली ठेवून ते उठले, दारात चपला घातल्या, आणि ‘येतो’ म्हणून ड्यूटीवर गेले.